मडक्याच्या तोंडावरची माती

३ फेब्रुवारी

मडके भरले. माझ्याच हाताने. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, धुण्याच्या दगडावर घसरल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे काढा गाळण्यापासून सगळे माझ्याकडे. त्यांनी पलंगावर बसून फक्त हुकूम सोडले. गूळ अजून टाक. मध आता. आता हलवू नको. शेवटी धायटीची वाळलेली फुले मूठभर, त्यांच्यामुळे ते आंबायला लागते. मडक्याला आतून तूप चोळून, धूप देऊन ठेवले होते. घरभर गुळाचा आणि मुळ्यांचा वास.

मायासाठी आहे. माझी नणंद, मेहकरला दिलेली. दोनदा पोटात राहून गेले, मागच्या दोन्ही वेळी मडके भरायची वेळच आली नाही. या वेळी टिकले आहे, होळीच्या आसपासची तारीख. या घरातल्या लेकीला बाळंतपणात घरचेच दशमूळारिष्ट द्यायचे, हा मामंजींचा नेम. सासरे वैद्य होते, अमडापुरात अजून म्हाताऱ्या त्यांचे नाव काढतात. मडके भरले की ते लेकीच्या नावाचे. ओतायचे नाही, कोणाला द्यायचे नाही, बाळ झाल्याशिवाय उघडायचे नाही.

सगळे ठीक. फक्त शुक्रवारी प्र. घरी येत आहेत.

व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडमनी फोनवर यादीच सांगितली होती. खोकल्याचे औषध नको, दाढीनंतर लावायचे ते नको, आसव-अरिष्ट तर घरात ठेवूच नका. आईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "अवं औषध हाय ते. दारू हाय का? तुह्या सासऱ्यानं जन्मभर केलं, कोनी नालीत पडलं का कधी?"

मी म्हणाले, त्यातही तेच असते, आई.

"असन. पन ते औषधातलं असते."



४ फेब्रुवारी

घरच्यांनीही रोज लिहा, असे मॅडम म्हणाल्या होत्या, म्हणून ही वही. मनात साचू देऊ नका म्हणे. लिहून काय कमी होते ते मला अजून कळले नाही. प्र. म्हणजे आमचे हे. तोंडाने नाव घेत नाही, वहीत घेते तेही अर्धेच.

मडके मधल्या खोलीत, गव्हाच्या पत्र्याच्या कोठीत, गळ्यापर्यंत गव्हात पुरून ठेवले. गव्हात ऊब सारखी राहते. वर मातीची झाकणी आणि सैल फडके. आईंनी तीनतीनदा बजावले, "आता नुसतं फडकं. ढिलं बांध. त्याले श्वास घ्यावं लागते. आवाज करते तवर गच्च करायचं नाही. मुकं झालं का मंग कापडमाती."

कापडमाती म्हणजे माती कालवून फडक्याला माखायची, ती झाकणीवर लपेटायची. हवा बंद. पण ती शेवटी.

शेजारी सुमनबाईंकडे ठेवू का विचारले. "लेकीचं मडकं दुसऱ्याच्या दारात?" संपला विषय.

दुपारी आईंचा डोळा लागला तेव्हा मी कोठीपाशी गेले होते. मडक्याच्या गळ्याला दोन्ही हात घातले. उचलायचे, मोरीत ओतायचे, दोन बादल्या पाणी. मडके फुटले म्हणायचे. तेवढ्यात मायाचा फोन. "वहिनी, आज लई लाथा मारून राह्यलं." हसत होती. तिचे हसणे किती वर्षांनी ऐकले.

नाही ओतले.

६ फेब्रुवारी

आले. वाळले आहेत. दाढी गुळगुळीत, शर्ट मीच दिलेला निळा, तो अंगात लोंबतो. चिखलीच्या स्टँडवरून पेरू आणले, आईंसाठी मऊ बघून वेगळे.

मी दारातच उभी होते. चपलेचा आवाज ऐकला. पाय सरळ पडत होते. वीस वर्षांत मला एवढेच शास्त्र आले आहे.

मधल्या खोलीच्या उंबऱ्यावर थांबले. नाक वर. लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली काढे ढवळलेला माणूस, त्याच्यापासून काय लपणार.

"दशमूळ टाकलं का?"

आई आनंदाने म्हणाल्या, "हाव. मायासाठी."

"बरं केलं."

मग जेवले. पानात काही टाकले नाही. हात कापत होता, वरणाची वाटी दोन हातांनी धरली. मी दुसरीकडे पाहिले. पाहायला हवे होते की नको होते, काही कळत नाही आता.

८ फेब्रुवारी

ते बोलते. शिलाई मशीन थांबवले की ऐकू येते. आधी वाटले पाल. कोठीच्या पत्र्यामुळे आवाज घुमतो. बुड बुड, मग गप्प, मग परत. मी मोबाईलवर भजने लावून ठेवली. प्र. म्हणाले, बंद कर ते, डोके दुखते. बंद केली. मग आम्ही दोघे ते ऐकत बसलो. मी ब्लाऊजला हुक लावत होते, ते पेपर उलटत होते.

वासही बदलला. गुळाचा गेला. आता जो येतो तो मला माहीत आहे. त्यांच्या शर्टांना वर्षानुवर्षे यायचा.

९ फेब्रुवारी

आज दुकान उघडले. मोटरी भरण्याचे दुकान, विहिरीवरच्या पंपाच्या मोटरी जळाल्या की तांब्याची तार नव्याने गुंडाळून देतात. हात बसलेला आहे, लोक वाट पाहत होते. दुपारी जेवायला आले, अर्ध्या भाकरीवर उठले. मी ताट उचलत होते तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाले,

"वंदना, त्याचं तोंड बंद कर."

कशाचे?

"तुले माहीत हाय. मले रस्त्यावरचं दुकान टाळता येते. मान खाली घालून येतो मी. हे घरात बोलून राह्यलं."

असे कधी मागितले नव्हते त्यांनी मला काही. ओरडून मागितले आहे, हिसकून घेतले आहे. असे नाही.

मग आई सुमनबाईंकडे गेल्या. गेल्या गेल्या मी माती कालवली. आई म्हणतात मुके झाल्यावर. मला आजच मुके पाहिजे होते. झाकणीच्या कडेला कणीक दाबली, वर कापडमाती तीन थर, त्यावर त्यांच्याच दुकानातली काळी चिकटपट्टी गळ्याभोवती ओढून ओढून, परत एक थर मातीचा. कान लावला. वास नाही, आवाज नाही.

आणि आणखी एक केले. इथे तरी खरे लिहिते. कपड्यावर खुणा करायचे माझे दातेरी चक्र आहे, ते ओल्या मातीवर गोल फिरवले. ठिपक्यांची ओळ. ती कुठे मोडली तर कोणीतरी हात लावला. गहू वर ओढून ठेवले.

त्यांच्यासाठी बंद केले की त्यांच्यापासून? दोन्ही. मला दोन्ही पाहिजे.

११ फेब्रुवारी

घर कसे शांत. प्र. दोन वेळ नीट जेवले. दुपारी झोपले, मी पदर तोंडावर धरून नुसती बघत बसले. त्यांच्या झोपेत घोरणे नव्हते, पालथे पडणे नव्हते. साधी झोप.

रोज पहाटे उठल्यावर पहिले काम, गहू बाजूला करून ठिपके पाहणे. ओळ जशीच्या तशी. मग देवाला दिवा.

आईंनी कोठीला कान लावला. "काऊन वं, एवढ्यात मुकं झालं?"

थंडी आहे ना आई, म्हणाले. त्या विचारात पडल्या. मामंजी अशा वेळी काय करायचे ते आठवत बसल्या असतील. मी चहा टाकला.

१३ फेब्रुवारी

गजू आला होता. दारू प्यायला बसतानाचा यांचा जोडीदार. मोटरसायकल दारातच, इंजिन चालू. "चाल बे परकाश, वावरात हुरडा हाय, नुसता हुरडा." मी खिडकीत सुई ओवत होते, दोरा शिरेना.

प्र. म्हणाले, "माही मोटर अर्धी भरली हाय. तू खा."

"लेका सन्यासी झाला का?"

"हाव."

गेला. मी दोरा ओवला. एवढ्यावरच मला रडू आले, म्हणजे बघा. रात्रीच्या जेवणाला भरीत केले, त्यांना आवडते म्हणून. ते म्हणाले मीठ जास्त झाले. पूर्वी ताट फेकले असते. आज नुसते म्हणाले, मीठ जास्त झाले. आम्ही हसलो. आईसुद्धा.

मला एवढे मिळाले तरी पुरे आहे. एवढेच टिकू दे.

१६ फेब्रुवारी

अक्षर येईल तसे लिहिते.

चिखलीला गेले होते, अस्तर आणि दोरे. जायचे नव्हते, गिऱ्हाईक मागे लागले. दुपारी परत आले. ओसरीत पाय ठेवला आणि वास. लपलेला नाही, उघडा, सगळ्या घरात.

कोठीचे झाकण अर्धवट उघडे. गहू ओला, काळपट. मडक्याची झाकणी दुभंगलेली, फडके वर आलेले, माती सगळीकडे. ठिपक्यांची ओळ राहिलीच नव्हती. मडक्यातले चार बोटे उतरलेले.

आणि तो पुढच्या खोलीत खाटेवर. आज एकेरीच लिहिणार. छातीपासून शर्ट ओला आणि शर्टाला तोच वास.

काय काय बोलले ते सगळे लिहीत नाही. गावाने ऐकले असेल. मायाच्या बाळावरूनसुद्धा नको ते बोलले मी. तो उठून बसला. "मी नाही फोडलं," एवढेच.

मंग कोनं? भुतानं? मी ओरडले.

"आवाज झाला. मी गहू..."

मी पुढे ऐकलेच नाही. म्हणाले, तोंड उघडा. हा करा. माझ्या नाकापाशी हा करा.

आई शेजारहून आल्या होत्या, दारात उभ्या. त्यांच्यासमोर. त्याने तोंड उघडले. डॉक्टरकडे पोर उघडते तसे, डोळे मिटून. मी वास घेतला. घरभर तोच वास, माझ्या साडीला तोच, मला काय कळणार होते. काहीच कळले नाही. तरी मी म्हणाले, "येते ना."

त्याने तोंड मिटले. चपला घातल्या. सायकल घेऊन गेला.

१७ फेब्रुवारी

आले नाहीत. फोन घरातच, चार्जरला लावलेला.

सकाळी दुकानावर गेले, कुलूप. मग स्टँडजवळच्या देशीच्या दुकानात गेले. स्वतः. पदर घेऊन, दिवसाढवळ्या. लोक बाजूला झाले. गल्ल्यावरचा म्हणाला, "वैनी, दिवाळीपासून नाही आला परकाशभाऊ इथं. खरं सांगतो." खरे असेल. गावात काय हे एकच आहे?

लेक अकोल्याला होस्टेलवर, तिची परीक्षा. तिला कळवले नाही. माझे माहेर लांब आणि तिथे सांगण्यासारखे माझ्याकडे गेल्या दहा वर्षांत काही नाही.

परत आले तर आई कोठीपाशी. डाव्या हाताने मडक्याचा गळा चाचपत होत्या. काळ्या पट्टीचा तुकडा काढून मला दाखवला.

"हे कोनं बांधलं?"

मी.

"कधी?"

सांगितले.

त्यांनी कोठीच्या झाकणाकडे बोट केले. झाकणाच्या आतल्या बाजूला, पत्र्यावर, मातीचे शिंतोडे आणि धायटीच्या फुलांचा चोथा चिकटलेला. तळहाताएवढा डाग.

"बाहीरून फोडलं असतं तं हे वर काऊन गेलं असतं? आतून गेलं हे, वंदना. श्वास कोंडला त्याचा. तुह्या सासऱ्याचं एकदा असंच गेलं होतं, आढ्याले लागलं होतं." आणि मग, "गहू मीच काढाले सांगतले होते त्याले. दळन संपलं होतं."

ओसरीत दळणाचा डबा होता. अर्धा भरलेला. काल तोच ओलांडून मी आत गेले होते.

दुपार

आईंना विचारले, म्हणजे ते प्यायले नाहीत ना?

आई म्हणाल्या, "मडकं त्यानं नाही फोडलं, एवढं मले माहीत हाय. बाकी मले काय माहीत."

चार बोटे उतरले आहे. किती गव्हात जिरले कोण सांगणार. गहू पिळून बघू का.

मी तो वास खोटा सांगितला. खरा असेल तरी मी खोटा सांगितला, कारण मला आला नव्हता.

१८ फेब्रुवारी

केंद्रात फोन केला, तिथे नाहीत. मॅडमना सांगितले काय झाले ते. त्या म्हणाल्या, ती वस्तू आजच्या आज घराबाहेर काढा. हो म्हणाले. काढली नाही.

दोन ब्लाऊज शिवले. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या लावल्या. उसवत बसले.

विहिरींकडे जाऊन आले. एवढेच लिहिते.

१९ फेब्रुवारी

वडनेर भोलजीहून मामांचा फोन. यांचे सख्खे मामा.

"सुनबाई, परकाश माह्याकडे हाय, परवापासून. तुमी काळजी..."

मी म्हणाले, "पेले हायत का?"

मागे मोटरसायकलचा आवाज, कोंबड्या. मग फोन दुसऱ्या हातात गेल्याचे कळले. श्वास ओळखीचा.

"पहिलं हेच इचारलं तू."

मी काही तरी बोलायला हवे होते. जेवलात का. कुठे झोपलात. सायकल कुठे ठेवली. ते म्हणाले, मामाची मोटर जळाली आहे, भरून देतो. फोन ठेवला.

जिवंत आहेत. सायकल खामगावला स्टँडवर लावून पुढे बसने गेले, असे नंतर मामींनी सांगितले. मामी हळूच म्हणाल्या, "चांगला हाय वं. गपगप असते." चांगला म्हणजे काय ते मी परत विचारले नाही. विचारायचे फार वाटत होते.

२१ फेब्रुवारी

आई आणि मी, आज आमचे भांडण झाले.

मडके उघडे पडले आहे, नुसते फडके टाकलेले. चिलटे बसतात. आई म्हणतात, असेच उघडे राहिले तर आंबट होऊन जाईल, शिरका होईल. आता गच्च केले तर परत उडेल. किती बांधायचे, किती सोडायचे, ते आत अजून चालू आहे का संपले, हे कान लावून, पेटती काडी धरून सांगणारा माणूस पाहिजे. "मले नुसतं बोलता येते. हात तुह्या सासऱ्याचा होता. नाही तं परकाशचा हाय. त्याले बोलव."

म्हणजे ज्याने त्या मडक्यापासून दहा हात लांब राहायला पाहिजे त्यालाच त्यावर वाकवायचे.

मी म्हणाले, सडू द्या ते.

"माह्या लेकीचं मडकं सडू देऊ?"

आणि तुमच्या लेकाचं काय?

आई रडल्या. मामंजी गेले तेव्हाही मी त्यांना असे रडताना पाहिले नव्हते. प्लास्टरच्या हाताने डोळे पुसता येईनात. मी पुसले. म्हणाल्या, "दोघंही माह्याच पोटचे हायत ना वं. कोनाले वतू मोरीत?"

देवालाही मी रोज हेच विचारते आहे.

२३ फेब्रुवारी

मायाचा फोन. सत्तावीसला येते म्हणाली, जावई बसमध्ये बसवून देणार, दादाला स्टँडवर पाठव. दादा बरा आहे ना? मी म्हणाले, हो, बरा आहे, कामावर आहे. खोटे नाही. वडनेरला कामावरच आहे.

मडके काय म्हणते, असेही विचारले. हसत.

मला वाटते मी वेडी होईन. घरात एक म्हातारी, एक फुटक्या तोंडाचे मडके आणि मी. झोप नाही. जरा डोळा लागला की तो तोंड उघडून समोर उभा. डोळे मिटलेले.

मॅडमना परत फोन केला. त्या चांगल्या आहेत, ऐकून घेतात. म्हणाल्या, तुम्ही त्यांचा पहारा करू शकत नाही ताई. मग कोण करणार, विचारले. त्या काही म्हणाल्या पण माझे लक्ष नव्हते. पहारा सोडला की काय होते ते मी बघितले आहे, त्यांनी नाही. आणि पहारा केला की काय होते तेही आता बघितले.

२५ फेब्रुवारी

आले. सकाळी दहाच्या सुमारास. सायकलचा आवाज, मग चपलांचा. सरळ.

मामींनी तुरीची डाळ दिली होती, ती कट्ट्यावर ठेवली. हातपाय धुतले. मी पाणी दिले, चहा दिला. विचारायचे नाही, असे शंभरदा ठरवले होते. ओठ दाताखाली धरून बसले होते.

चहा पिऊन झाल्यावर स्वतःच बोलायला लागले. माझ्याकडे न पाहता, कप फिरवत.

"एका हातानं झाकण वर धरून गहू काढून राह्यलो होतो. आवाज मोठा झाला. तोंडावर उडालं, अंगावर उडालं. मी हातानं दाबलं, म्हटलं मायाचं हाय, सांडू नये. दोन्ही हात भिजले."

बरं.

"मोरी काही लांब नाही. पन मले लई येळ लागला मोरीपर्यंत जायाले."

मी वाट पाहिली. त्यांनी कप खाली ठेवला. पुढे काहीच बोलले नाहीत. हात धुतले की नाही, आधी धुतले की नंतर, काही नाही. मी विचारले असते तर सांगितले असते. खरे सांगितले असते असे वाटते.

नाही विचारले. ही माझी हिंमत की भित्रेपणा ते मला कळत नाही. हा कर म्हणताना जी होती तिला हिंमत म्हणत नसतील बहुधा.

"चुकलं माहं," मी म्हणाले. "त्या दिवशी. आईंसमोर."

ते म्हणाले, "वास येत होताच ना."

घरालाच येत होता, मी म्हणाले. मला तुमचा वेगळा आला नव्हता.

त्यांनी मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे.

२७ फेब्रुवारी

सकाळी आईंनी त्यांना मडके बघायला सांगितलेच. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते, थांबवायला गेले नाही. जाणार होते. लाटणे हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत गेलेही.

प्र. कोठीपाशी उकिडवे बसले. फडके काढले. वास माझ्यापर्यंत आला, त्यांच्या तर नाकाखालीच. आधी कान लावला, बराच वेळ. मग काडी पेटवली आणि मडक्याच्या तोंडात धरली, आत आंबणे चालू असेल तर ती विझते. तोंड अगदी जवळ न्यावे लागते. पाठमोरे होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. खांदे दिसत होते. शर्टाखाली हाडे. आई पलंगावर जप करत होत्या, की नुसते ओठ हलत होते.

मी वळले. पोळी तव्यावर करपत होती. वळले कारण पोळी करपत होती, असेच लिहिते.

"विझली," आतून आवाज आला. "चालू हाय अजून. मेलं नाही."

आई म्हणाल्या, "शिरका?"

"नाही झाला. थोडं तुरट हाय पन निघन चांगलं."

तुरट आहे हे वासावरून कळते का? मी तव्याकडे बघत उभी राहिले. मामंजींना वासावरून कळायचे म्हणतात. कळत असेल.

मग त्यांनी माती मागितली. मीच कालवून दिली. नवी झाकणी, कापडमातीचा एकच पातळ थर, आणि एका बाजूला एरंडाच्या पानाची पोकळ दांडी खोचली, बोटाएवढी. तिच्यातून श्वास जाईल. चार-पाच दिवसांनी मुके झाले की ती काढून बुजवायची, म्हणाले. मी बुजवीन, मी म्हणाले. त्यांचे हात अजिबात कापत नव्हते. मोटर भरताना कापत नाहीत तसे.

हात धुवायला मोरीत गेले. लगेच गेले. मी मोजत नव्हते पण लगेच गेले.

परत आले, टॉवेलला हात पुसत माझ्या मशीनपाशी उभे राहिले.

"चक्र दे तुहं."

कोणते चक्र, म्हणाले. मला माहीत होते कोणते.

"ब्लाऊजवर खुना करते ते." खालच्या आवाजात, आईंना ऐकू जाऊ नये असे. "नाही तं तूच फिरव. माती वली हाय तवर. म्हंजे तुले झोप लागन."

पहिल्या दिवसापासून माहीत होते त्यांना. मी पहाटे गहू उकरून ठिपके बघायची तेव्हा जागे असतील. खाटेवर डोळे मिटून. आणि दिवसभर माझ्यासमोर हसले, मिठाचे बोलले, गजूला परत पाठवले.

ते दुकानावर गेले. संध्याकाळच्या बसने माया येते, स्टँडवर तेच जाणार आहेत.

खणातून चक्र काढले आहे. या वहीशेजारी ठेवले आहे. त्याच्या दातांत मागची माती वाळून बसली होती, ती सुईने काढली. ओळ फिरवली तर ते म्हणतील बरे केले, आणि रात्री परत डोळे मिटून जागे राहतील. नाही फिरवली तर मी जागी राहीन. ते म्हणाले ते खरे आहे, मला झोप लागणार नाही.

आईंनी आतून विचारले, "काय करून राह्यली वं?"

काही नाही, म्हणाले.

उठून कोठीपाशी जाऊन आले. बोट लावून पाहिले. माती अजून ओली आहे.